भीमगीतांच्या ध्वनिफिती : गाणारा कोण, रचणारा कोण?

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असा मार्ग आक्रमीत इंदापुरास पोहोचते, तेव्हा वाटेवरच्या चहाच्या टपऱ्यांतून प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कानी येतो. गीते विठ्ठलाची असतात. त्याच्या दोन-अडीच महिने आधी, १४ एप्रिलला, याच परिसरातील वस्त्यांवर निळ्या कमानी उभ्या राहिलेल्या असतात आणि तोच आवाज कर्ण्यावरून बाबासाहेबांची थोरवी गात असतो. प्रल्हाद शिंदे २००४ साली निवर्तले. त्यांच्या आवाजाची ही दोन्ही घरे मात्र अद्याप नांदती आहेत.

या आवाजाची नोंद कोणत्या सदराखाली करावयाची, हा प्रश्न आमच्यापुढे अगदी व्यावहारिक रूपात आला. इंदापूर तालुक्यातील एका विहाराने आपल्या कपाटातील व उपासकांच्या घरोघरच्या ध्वनिफितींची सूची तयार केली असून ती पाहून अभिप्राय द्यावा, अशी तेथील मंडळींनी विनंती केली. सूची एका जाड वहीत, सुवाच्य अक्षरात, चार रकान्यांत लिहिली आहे : अनुक्रमांक, कॅसेटचे नाव, गायक, प्रकार. ‘प्रकार’ या रकान्यात चारच शब्द आलटून पालटून येतात : भीमगीत, बुद्धगीत, वंदना आणि इतर. ज्यांनी ही वही लिहिली त्यांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु अभिप्राय मागितला आहे, तेव्हा तो स्पष्टच दिला पाहिजे. ही सूची विहाराची नव्हे, ती बाजाराची आहे. कॅसेटच्या कव्हरावर विक्रेत्याने जे ठळक छापले तेच वहीत उतरले आणि त्याने जे गाळले ते वहीतूनही गळले.

प्रथम ‘गायक’ या रकान्याविषयी. वहीत कवीसाठी रकानाच नाही. आंबेडकरी गीतपरंपरेत हा केवढा मोठा लोप आहे, हे वामनदादा कर्डक यांच्या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या आणि २००४ साली दिवंगत झालेल्या या लोककवीने हजारो गीते रचली आणि गावोगाव स्वतः गाइली. ती गीते पुढे कितीएक गायकांच्या कंठी गेली. वहीत ती त्या त्या गायकाच्या नावे विखुरली आहेत. स्वतः वामनदादांच्या नावाची नोंद आम्हांस एकाच ठिकाणी सापडली आणि तेथेही नुसते ‘कर्डक’ एवढेच आहे. आता कर्डक म्हणजे कोण? १९३० च्या दशकात जलसा घेऊन फिरणारे शाहीर भीमराव कर्डक हेही नाशिककडचेच. आडनाव एक, परंतु पिढी निराळी, गीताचा बाजही निराळा. पुढच्या अभ्यासकाने या नोंदीवरून काय समजावे?

वस्तुतः कवीची नोंद गीतातच असते. शेवटच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा गुंफतो, ही आपल्या काव्याची जुनी रीत आहे. बारामतीकरांस तर ती नव्याने सांगावयास नको. मोरोपंत १७९४ साली बारामतीतच निवर्तले आणि त्यांच्या ‘मयूर’ या मुद्रेचे या गावाला अजून कौतुक आहे. श्लोक वामनाचा, अभंग तुकयाचा, ओवी ज्ञानेशाची आणि आर्या मयूरपंतांची, असे जे सुभाषितवजा वर्गीकरण आपण शाळेत शिकलो, तेही रचनाप्रकार आणि रचयिता या दोहोंची जोडी लावणारे आहे. त्यात गाणाऱ्या कीर्तनकाराचे नाव नाही. (त्यातले वामन म्हणजे वामन पंडित. आमचे वामनदादा त्या श्लोकात यावयाचे होते तर तो पुन्हा रचावा लागला असता.) मोरोपंतांच्या आर्या कोणत्याही कीर्तनकाराने गाइल्या तरी त्या मोरोपंतांच्याच राहतात. वामनदादांचे गीत मात्र गाणाऱ्याचे होऊन जाते. हा भेद काव्यगुणांचा नव्हे. एकाची पोथी झाली आणि दुसऱ्याची कॅसेट झाली, यातून तो उपजला आहे.

ध्वनिफितीच्या जातीचाही येथे विचार केला पाहिजे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर चालणाऱ्या सामन्यातील कव्वालीचे शेरामागून शेर तीत मावणे अशक्य होते. कॅसेट आली आणि एका बाजूला अर्धा तास मिळाला, पण तेवढ्यात पाच-सहा गाणी बसवावयाची म्हटल्यावर पुन्हा काटछाट आलीच. आता डीजेच्या मिश्रणात तर मुखडा आणि ठेका एवढेच उरते. कात्री कोठे लागते? बहुधा शेवटी. आणि कवीचे नाव शेवटीच असते. गीत कोणत्या रूपात प्रसिद्ध झाले, तबकडी की कॅसेट, स्वतंत्र गीत की संकलन, हे नोंदविणे म्हणून आवश्यक आहे. त्यावरूनच गीताचे अंग पूर्ण आहे की छाटलेले आहे, याचा अदमास येतो.

वहीतील एका फितीबद्दल आमच्यापुढेच वाद झाला. कव्हरावर गायकाचे नाव होते, कवीच्या जागी काहीच नव्हते. तेथे बसलेल्या एक वृद्ध उपासिका ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, त्यात काय बघायचंय? वामनदादांचं गाणं हाय ते. फितीत न्हाई, पर आमी म्हनतो तवा शेवटाला नाव येतंय की.” त्यांनी ते कडवे तालावर म्हणून दाखविले. यंत्राने जे गाळले ते एका निरक्षर स्त्रीच्या स्मरणात शाबूत होते. आम्ही पाली शिकविणारे लोक श्रुतिपरंपरेच्या विश्वासार्हतेवर व्याख्याने देत असतो. त्या दिवशी आम्ही मुकाट्याने वहीत दुरुस्ती केली.

पाली वाङ्मयात या संदर्भात एक अत्यंत मार्मिक प्रसंग आहे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात भगवान वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत विहरत असता शक्राच्या सांगण्यावरून पंचशिख गंधर्व आपली बेलुवपंडु वीणा घेऊन तेथे येतो आणि गातो. त्याचे गीत कोणत्या प्रकारात बसवावे? ते सूर्यवच्चसा या त्याच्या प्रेयसीला उद्देशून आहे, म्हणजे प्रेमगीत आहे. परंतु त्यात बुद्ध, धर्म आणि अर्हत यांचेही उल्लेख ओवले आहेत. आजच्या विक्रेत्याने त्याला ‘भक्ती’ म्हटले असते की ‘प्रेमगीत’, आम्ही सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही सदरांत घालून दोनदा विकले असते. भगवंतांचा प्रतिसाद मात्र वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. ते प्रथम प्रयोगाची दखल घेतात : तारांचा स्वर आणि गीताचा स्वर एकमेकांशी जुळले आहेत, एकाने दुसऱ्यावर मात केलेली नाही. त्यानंतर लगेच ते विचारतात की, या गाथा रचल्या केव्हा. पंचशिख उत्तरादाखल काळ सांगतो, स्थळ सांगतो आणि कारणही सांगतो : भगवान नुकतेच संबुद्ध होऊन उरुवेलेस नेरंजरेच्या तीरी होते तेव्हा, आणि तिंबरू गंधर्वाची कन्या आपल्या मनात भरली होती म्हणून.

वाद्य, कंठ, रचना, रचनेचा काळ, स्थळ आणि निमित्त, अशा सहा गोष्टी त्या एका संवादात आल्या आहेत. आमच्या वहीत त्यांपैकी कंठ तेवढा आहे. भगवंतांनी पंचशिखाला ‘हे गीत कोणत्या प्रकारातले’ असे विचारले नाही, हेही आम्हांस अर्थपूर्ण वाटते. रचनेची माहिती पुरेशी असली म्हणजे प्रकार आपोआप उलगडत जातो. ती नसली म्हणजे ‘इतर’ हा शब्द लिहावा लागतो.

कंठ आणि रचना यांतील विवेक पाली परंपरेने अन्यत्रही सांभाळला आहे. सोण कुटिकण्ण याने भगवंतांसमोर अट्ठकवग्ग सस्वर म्हटला, तेव्हा त्याच्या स्पष्ट व निर्दोष वाणीची प्रशंसा झाली. पण म्हणून अट्ठकवग्गावर सोणाचे नाव चढले नाही. विनयात धम्माची व्याख्या करताना बुद्धभासित, सावकभासित, इसिभासित आणि देवताभासित असे चार प्रकार सांगितले आहेत. बोलणारा कोण, हाच तेथे भेदक धर्म आहे. थेरगाथा-थेरीगाथांची मांडणी गाथांच्या संख्येनुसार, एकक, दुक, तिक अशा निपातांत केलेली आहे. ही मांडणी यांत्रिक वाटते खरी, परंतु बहुतेक गाथासमूहांशी कोणा ना कोणा थेराचे वा थेरीचे नाव जोडून ठेवलेले आहे. संख्या हा प्रकार आणि नाव हा मान, असे दोन धागे तेथे एकत्र चालतात.

येथे ‘आणि पार्टी’ या शब्दांकडे वळतो. कव्हरावर मुख्य गायकाचे नाव आणि त्यापुढे हे दोन शब्द. ढोलकीवाला, पेटीवाला, बेंजोवाला, टाळ्यांची साथ करणारे, कोरस धरणाऱ्या बायका हे सगळे त्या ‘पार्टी’त गडप. सामन्याच्या कव्वालीत तर दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकीचा सवाल आणि दुसरीचा जवाब. तेथे गीत दोघांच्या संघर्षातून घडत असते, आणि कॅसेटवर मात्र ज्याचे नाव खपते त्याचेच छायाचित्र. स्त्री-पुरुषांच्या सवाल-जवाबात स्त्रीचे नाव लहान टाइपात, किंवा नाहीच. आजच्या मोबाईलवरील संगीतसेवांनी ‘फीचरिंग’ म्हणून एक शब्द आणला आहे. त्यानेही पाहुण्या गायकाची सोय झाली एवढेच, ढोलकीवाला बाहेरच राहिला.

थेरीगाथेत पटाचारेच्या शिष्या असलेल्या तीस भिक्खुणींच्या गाथा आहेत. त्या सामूहिक आहेत आणि सामूहिक म्हणूनच नोंदविल्या आहेत, संख्येसह. मुत्तेच्या नावावरील गाथेबाबत तर ती गाथा भगवान तिला उपदेश करताना वारंवार म्हणत, अशी टीप आहे. म्हणजे गाथा तिची, वाणी त्यांची. काही ठिकाणी अट्ठकथाकार धम्मपाल, जोडणीच्या गाथा संगीतिकारांनी ठेवल्या आहेत, असे सांगून मोकळे होतात. संपादकाचा हातसुद्धा लपविलेला नाही. अर्थात आपण फार अभिमान बाळगावा असेही नाही. त्या तीस जणींची नावे परंपरेनेही राखली नाहीत, ‘पटाचारा आणि पार्टी’ असेच ते झाले आहे. तरी पण ‘तीस’ हा आकडा ‘पार्टी’पेक्षा बरा. आमची सूचना अशी आहे की जेथे नावे मिळत नाहीत तेथे निदान किती आवाज, कोणती वाद्ये, स्त्रिया किती व पुरुष किती, हे ऐकून लिहावे. कान शाबूत असलेल्या कोणासही ते जमण्यासारखे आहे.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हे काम झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून आरंभिलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरील आणि बुद्धावरील ओव्याही पुष्कळ आहेत. ओवी कोणत्या गावची, कोणत्या बाईने म्हटली, विषय कोणता, अशी व्यवस्था तेथे आहे. ज्या स्त्रियांची नावे कोणत्याही कव्हरावर कधी छापली गेली नसती, त्यांची नावे ओवीसोबत राहिली. जात्यावर बसलेल्या बाईला जो मान मिळाला तो कोरसमधील बाईस का मिळू नये?

आता ‘वंदना’ या सदराकडे येतो. हा आमच्या अध्यापनाचा विषय असल्याने येथे दोष अधिक बोचला. वंदनेच्या कॅसेटींवर गीतकाराच्या जागी सर्रास ‘पारंपरिक’ असे छापलेले असते आणि वहीतही तोच शब्द आहे. या एका शब्दाखाली निदान तीन थर दडपले गेले आहेत. महामंगलसुत्त हे तिपिटकातील आहे, खुद्दकपाठ व सुत्तनिपात या दोन्ही ठिकाणी ते आढळते. जयमंगल अट्ठगाथा तिपिटकातील नाहीत, त्या उत्तरकालीन आहेत आणि थेरवादी देशांत लोकप्रिय आहेत. बाबासाहेबांची स्तुती करणाऱ्या पाली गाथा तर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या महाराष्ट्रातील रचना आहेत. त्यांना ‘पारंपरिक’ म्हणणे म्हणजे आपल्याच काळातील पाली कवीचे नाव आपल्याच हाताने पुसणे होय. पाली ही मृत भाषा असल्याचे जे आम्हांस ऐकवितात, त्यांना उत्तर म्हणून या गाथा दाखविता आल्या असत्या. स्वतः बाबासाहेबांनी सिद्ध केलेला ‘बौद्ध पूजापाठ’ शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात, त्यांच्या पाली व्याकरण व शब्दकोशासोबत, उपलब्ध आहे. कॅसेटवरील पाठ त्याच्याशी ताडून पाहणे कठीण नाही.

वंदना गाइली कशी, याचीही नोंद हवी. अंगुत्तरनिकायात आळवून आळवून गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत : म्हणणारा स्वतः स्वरात गुंततो, ऐकणारे गुंततात, गृहस्थ नावे ठेवतात, स्वराच्या मागे लागल्याने समाधी भंगते, आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. विनयात मात्र त्याच्याच जोडीला सरभञ्ञ, म्हणजे सस्वर पठण, करण्यास अनुज्ञा दिली आहे. तेव्हा सिनेमाच्या चालीवर बसविलेली वंदना आणि भिक्खूंनी केलेले सरभञ्ञ यांना एका सदरात कोंबणे विनयाला धरून नाही. सिनेमाच्या चालीवरील वंदना वहीतून काढून टाकावी, असे आम्ही म्हणत नाही. वेगळी लिहावी, एवढेच.

बाजाराचे सर्वांत मोठे सदर ‘भक्ती’. दुकानात पूर्वी भीमगीतांची कॅसेट भक्तिगीतांच्या खणात असे आणि आज मोबाईलवरही ती बहुधा तेथेच सापडते. काही उपासकांना यात वावगे वाटत नाही, श्रद्धा ती श्रद्धाच, असे ते म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. पाली ‘सद्धा’ आणि देवभक्ती यांतील अंतर येथे विस्ताराने सांगत बसण्याचे कारण नाही. गीतांचा विषयच पाहावा. शाळेत पोर घालणे, दारू सोडणे, मजुरी, मेलेली ढोरे ओढण्यास नकार, हे विषय आरती-भूपाळ्यांच्या खणात कसे बसावेत? शिवाय कित्येक कॅसेटी निव्वळ गीतांच्या नाहीत. बाबासाहेबांचे चरित्र गद्य निवेदनातून सांगत मध्ये मध्ये गीत, ही जलशापासूनची पद्धत आहे. वहीत त्या सर्व ‘इतर’मध्ये गेल्या आहेत. नवांग शासनात गाथायुक्त सुत्ताला ‘गेय्य’ असे स्वतंत्र अंग मानले आहे. शब्द आयता आहे, तो वापरावा.

कायद्यावर विसंबून राहावे तर तेथेही कवीची सोय अपुरी. प्रतिलिपी अधिकार अधिनियमाच्या कलम ५२-अ नुसार ध्वनिमुद्रणाच्या प्रतीवर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक आहे. कवीचे नाव त्या यादीत नाही. २०१२ च्या सुधारणेने गीतकाराच्या मानधनाचा वाटा राखला, ही चांगली गोष्ट झाली, परंतु ज्याचे नाव ‘पारंपरिक’ या शब्दाखाली गेले त्याच्या वारसांनी हा वाटा कोणत्या आधारावर मागावा? वहीतील एक नीट नोंद उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडू शकते, ती या कारणाने.

राहता राहिला प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलगीतांचा प्रश्न. त्या कॅसेटी उपासकांच्या घरांतून आल्याच होत्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या विहारात त्या कशाला, म्हणून त्या वेगळ्या काढून एका पिशवीत बांधल्या होत्या आणि वहीत त्यांची नोंद नव्हती. भावना आम्ही समजू शकतो. परंतु सूची म्हणजे पूजा नव्हे. ब्रह्मजाल सुत्तात बासष्ट मिथ्यादृष्टींची गणना आहे, कथावत्थूत परवादींची मते नोंदविलेली आहेत. त्यामुळे तिपिटक बाटले नाही. कलावंताला बाजार काय गावयास लावीत होता, त्याच्या पोटाची व्यवस्था कोठून होत होती, हे त्या पिशवीवाचून कळणार नाही. विठ्ठल उमप यांनी भीमगीते गाइली, कोळीगीते गाइली आणि जांभूळ आख्यानही रंगविले. त्यांतले एकच घेतले तर माणूस अर्धा होतो. प्रल्हाद, आनंद-मिलिंद आणि आदर्श अशा शिंद्यांच्या तीन पिढ्यांचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे, त्यांना दोन्ही खण उघडावे लागतील. पिशवी सोडून त्या कॅसेटी वहीत घ्याव्यात, असे आम्ही सुचविले. यावर विहाराच्या मंडळींत एकमत झालेले नाही.

बाकीच्या सूचना त्यांनी स्वीकारल्या. वहीचे रकाने आता नऊ झाले आहेत : कवी, चाल बांधणारा, मुख्य गायक, सहगायक-सहगायिका, वाद्ये, प्रसिद्धीचे रूप, वर्ष, शेवटचे कडवे आहे की नाही, आणि कोणी सांगितले. या शेवटच्या रकान्यात त्या वृद्ध उपासिकेचे नाव सतरा ठिकाणी आले आहे. एका फितीचे कव्हर हरवले आहे आणि ए बाजूचा आरंभ झिजून गेला आहे. तीत दोन पुरुष आणि एक स्त्री गाते, ढोलकी व बेंजो आहे, आणि शेवटचे कडवे नाही. बारामतीच्या एका उपासकाच्या मते ते गीत एका कवीचे, इंदापूरकडच्यांच्या मते दुसऱ्याचे. कवीचा रकाना तूर्त कोरा ठेवून शेजारी दोन्ही मते लिहिली आहेत.